धाकटीचे हात

आई, धाकटीच्या हातांबद्दल तू मला तीनदा सांगितलं होतंस. तीनदाच, कारण चौथ्यांदा सांगायची सोय मी ठेवली नाही. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, माझ्या गुडघेदुखीपासून नवऱ्याच्या चिडचिडीपर्यंत सगळं बोलले, पण हा विषय तेवढा टाळत आले.

पहिल्यांदा सांगितलंस ती दुपार मला अजून दिसते. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या आपल्या एका खोलीच्या घरात तू खिडकीखाली बसून गिऱ्हाइकाच्या साडीला फॉल लावते आहेस. धाकटी तुझ्यासमोर ताटलीतली हुकं आणि बटणं वेगळी करते आहे. मी मीरा रोडच्या मॅटर्निटी होममधली ड्यूटी संपवून आलेय आणि मोरीत पाय धुतेय. तू उठून माझ्यापाशी आलीस आणि हळूच म्हणालीस, "तिचा डावा हात बघ. उजव्यानं बटण उचलू लागली की मांडीवरच्या डाव्याची बोटं पण तशीच हलू लागतात. बघ तरी." मी पाहिलं. खरंच हलत होती, रिकाम्या हाताची बोटं, जणू तोही कुठलंसं बटण उचलत होता. मी टॉवेलनं पाय पुसले आणि म्हटलं, "सवय असते एकेकाला." तू परत जाऊन बसलीस, पण तुझं लक्ष साडीत नव्हतं.

दुसऱ्यांदा तू जरा घाबरलेली होतीस. तोवर धाकटीनं कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सोडली होती. तिथले लोक आपल्याकडे बघून कुजबुजतात, असं ती सांगायची. आपण तिघींनी तिच्या साहेबांना शिव्या घालून तो विषय संपवला होता. पण तू साड्यांच्या घडीचं सांगत होतीस. दोघींनी दोन टोकं धरायची, काठाला काठ जुळवायचा, झटकायचं, मग दुमडायचं; दहाव्या वर्षापासून ती तुझ्यासोबत हे करत आलेली. आता तिला क्रम लागत नव्हता. आधी दुमडायची, मग झटकायला जायची, आणि मध्येच टोक धरून नुसती उभी राहायची. "चालताना दाराच्या चौकटीला खांदा घासू लागली," तू म्हणालीस. "लहानपणी वेंधळी होती ते मला ठाऊक आहे, मीच वाढवलंय तिला. हे तसं नाही. लेकराला आतून काहीतरी होऊ लागलंय." आणि मी, तुझी शिकलेली मुलगी, तुला काय म्हणाले? "आई, तू सातवी पास. नर्सिंग मी केलंय. असल्या गोष्टींवरून आजार ओळखता आले असते तर डॉक्टर कशाला लागले असते?" तू हसायचा प्रयत्न केलास. ते हसू नीट आठवायचं धैर्य मला आजही होत नाही.

तिसऱ्या वेळी तू सरळच म्हणालीस, "मनाच्या डॉक्टरला दाखवू तिला. तुझ्या ओळखीचा कुणी असेल ना?" ओळखीचा होता. आमच्या मॅटर्निटी होमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा यायचा. एक जिना चढायचा होता, आई. पण माझं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. सासरचे आपल्यातलेच, आपल्याच जिल्ह्याकडचे, कुणाचं काय चाललंय ते चार दिवसांत एकमेकांना कळणारे. मी तुझ्यावर ओरडले. "त्यांच्या कानावर गेलं तर? बहीण वेडी म्हणून माझं लग्न मोडलं तर चालेल तुला?" वेडी हा शब्द त्या घरात पहिल्यांदा मीच उच्चारला. धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तू माझ्याकडे पाठ करून शिलाई मशीनवर बसलीस आणि मशीन न चालवता म्हणालीस, "सगळ्या जगाची लेकरं हातात धरतीस गं तू."

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुझ्या छातीत दुखलं. आयसीयूमध्ये मला युनिफॉर्ममुळे आत सोडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मास्क बाजूला केलास आणि विचारलंस, "दाखवलंस का तिला?" मी म्हटलं, "दाखवलं. अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्यात." तू डोळे मिटलेस, पुटपुटलीस, "बरं झालं बाई." संध्याकाळी तू गेलीस. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर उत्तर इतक्या पटकन आलं, कारण ते आधीपासून तयार होतं.

माझं लग्न पुढे ढकललं आणि मग झालं. मी भाईंदर पश्चिमेला राहायला आले. धाकटी त्याच खोलीत एकटी राहिली. मी रविवारी डबा घेऊन जायचे, ती दार अर्धवट उघडून डबा घ्यायची, आणि मला, सांगायला लाज वाटते, आत जावं लागलं नाही म्हणून हायसं वाटायचं. दीड वर्षानं शेजारच्या भाभींचा फोन आला. "दीदी, आपकी बहन तीन दिन से दरवाज़ा नहीं खोल रही. अंदर से किसी के साथ झगड़ने की आवाज़ आती है." मी गेले. तिनं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. समोरच्या इमारतीतले लोक तिच्या मनातलं मोठ्यानं वाचून दाखवतात, म्हणाली. किती वाळली होती ती.

नवऱ्याला त्या दिवशी सगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, "माझ्या काकांना होतं हे. आधी बोलली असतीस तर आधीच नेलं असतं आपण." एवढंच.

डॉक्टरांनी औषध सुरू करायच्या आधी तिला तपासलं. टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा, असं लागोपाठ आपटायला सांगितलं. तिला क्रम लागेना. मग अंगठा एकेका बोटाला लावायला सांगितला, आणि मी पाहिलं, तिच्या मांडीवरचा डावा हातही तेच करत होता. डॉक्टर मला म्हणाले, "हे बारीक असतं, घरच्यांच्या लक्षात येत नाही सहसा. अशी लक्षणं धडधाकट माणसांतही सापडतात, एवढ्यावरून निदान करत नाही आम्ही. पण या आजारात बऱ्याच जणांत सुरुवातीपासूनच दिसतात." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "तुमच्या कुणाच्या काही लक्षात आलं होतं का?" मी मान हलवली. नाही. तुझी सगळी नजर, साड्यांवर टाके घालून घालून तयार झालेली, मी त्या कागदावर येऊ दिली नाही.

ती आता माझ्याकडे असते. गोळ्या घेते, सकाळी एका स्टेशनरीच्या दुकानात काम करते, गुजराती दुकानदार तिला "बेन" म्हणतो. तिला ऐकू येणारे आवाज पूर्ण बंद झालेले नाहीत, पण तिनं त्यांच्याशी जमवून घेतलंय. वाया गेलेलं दीड वर्ष आणि त्याआधीचे महिने परत येणार नाहीत, हे तिला माहीत आहे. ते कुणामुळे गेले, हे माहीत नाही.

गेल्या आठवड्यात भाजी निवडताना तिनं विचारलं, "ताई, आईला कळलं असेल का गं माझं? का तिच्याही लक्षात आलं नाही?" तिचा आवाज साधाच होता, पण ती भाजी निवडायची थांबली होती. तू रोज तिच्याकडे बघत होतीस, तिच्यासाठी माझ्याशी भांडलीस, मरतानाही तिचंच विचारलंस. एवढं तिला सांगायचं होतं. त्यावर ती विचारणार, मग ताई, तू काय केलंस?

मी म्हटलं, "नाही गं. आईला काहीच कळलं नव्हतं."

ती "हं" म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. आई, तिला वाटतं की तू तिला पाहिलंच नाहीस. आज तिला खरं सांगायचं ठरवून, आधी तुला लिहून बघू म्हणून बसले होते. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. मघाशी तिनं विचारलं, काय लिहितेस? मी म्हटलं, सोसायटीचा अर्ज.