स्पिरिट, सुप्रीम कोर्ट आणि मी

२४ ऑक्टोबर २०२४
आज पेपरात पहिल्या पानावर मी. म्हणजे नाव नाही, पण अर्थ तोच. औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रणाचा अधिकार राज्यांचा, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल. नाशिकबाहेरच्या या कारखान्यात राज्य म्हणजे कोण? उत्पादन शुल्क खात्याचा दुय्यम निरीक्षक. मी. येवल्याला प्रतिभाला फोन केला. "बरं," म्हणाली, "भाजी करपतेय." बायकोला एकदम एवढा आनंद झेपत नाही.
संकल्प : उद्यापासून कडक.

२६ ऑक्टोबर
सगळ्या शिफ्टला उभं करून माझं काम समजावलं. स्पिरिट टँकरमध्ये जाण्याआधी माझ्यासमोर त्यात कडू औषध मिसळायचं. थेंब जिभेला लागला तरी माणूस थुंकला पाहिजे. नाहीतर कोणीतरी त्याची दारू करून विकतो आणि लोक आंधळे होतात, मरतात. भाषण प्रभावी झालं. शेवटी ऑपरेटर चंदरने विचारलं, "साहेब, जाऊ का?"
दुपारी कँटीनमध्ये मी बसलो तसं टेबल रिकामं झालं. दरारा.

२९ ऑक्टोबर
औषध मिसळताना पूर्ण शिफ्ट हजर पाहिजे, असं मॅनेजरला बजावलं. त्यात चंदरची भाऊबीजेची रजा गेली. कायदा म्हणजे कायदा.
माझी रजा मी मागितलीच नाही. येवला दोन तासांवर, पण प्रतिभाला सांगितलं, निवडणूक आहे, साहेब रजा देत नाहीत. वाटलं, म्हणेल, भांडा की साहेबांशी. म्हणाली, "ठीक आहे. आरोहीला सांगते." धीराची बाई. मुलगी फोनवर आली नाही. अभ्यास असेल. दिवाळीच्या सुट्टीतही अभ्यास!

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
क्वार्टरच्या दारात पणती लावली. वाऱ्याने विझली. पुन्हा लावली नाही. स्पिरिटचा कारखाना आहे, सेफ्टी महत्त्वाची.
संध्याकाळी गोदामामागून हसण्याचा आवाज. गेलो. चंदर आणि मंडळी, हातात स्टीलचे ग्लास. मला पाहताच हसणं बंद. चोराच्या मनात चांदणं.

२ नोव्हेंबर
वॉचमन सावळीरामला आडून विचारलं. "काय नाय साहेब, पोरं बसत्यात जरा." 'जरा' म्हणताना आवंढा गिळला. पुरावा.
भरारी पथकाला कळवत नाही, श्रेय वाटलं जातं. उद्या एकट्याने धाड. परवा पेपरात फोटो. आरोही स्टेटसला ठेवेल. फोटोसाठी केस कापून आलो. न्हाव्याला म्हटलं, उद्या मोठा कार्यक्रम आहे. तो म्हणाला, "मुलगी बघायला?"

३ नोव्हेंबर, रात्र
धाड पडली. "कोणी हलायचं नाही!" कोणी हललंच नाही.
ग्लासात मठ्ठा. खात्रीसाठी एक ग्लास पूर्ण प्यालो. मग आणखी एक. दुसरा नमुना घ्यावाच लागतो. कोथिंबीर होती, मीठ बेताचं.
मधे पाटावर चंदर, समोर ताट घेऊन त्याची बहीण भागीबाई. भावाला रजा नाही म्हणून ती पेठहून एसटीने कारखान्यातच आलेली. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. तिने दुसरा पाट पुढे सरकवला. "बसा ना भाऊ तुमी पण. ओवाळते."
मी म्हटलं, कारखान्याच्या माणसांकडून मला काही स्वीकारता येत नाही.
"कुंकूच लावायचंय," ती म्हणाली.
सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्लास खाली ठेवला आणि निघालो. मागून लगेच हसण्याचा आवाज येईल असं वाटलं. बराच वेळ आला नाही.
तत्त्व पाळलं. रात्री जेवलो नाही. मठ्ठ्याने पोट भरलं होतं.

५ नोव्हेंबर
संकल्प : घरच्यांना सरप्राइज. साहेबांना फोन करून रजा मागितली, तिथल्या तिथे मिळाली. "जा हो, तुमच्यावाचून काय अडलंय तिथं!" केवढा विश्वास.
येवल्यात घराला कुलूप. माझ्याकडे किल्ली नाही. शेजारी नवीन कोणी राहायला आलंय. त्या बाई बाहेर आल्या. "कोण पाहिजे?"
तोंडातून निघालं, मीटर रीडिंग.
"मॅडम आणि मुलगी अलिबागला गेल्यात, मॅडमच्या शाळेतल्या बायकांबरोबर. दिवाळीआधीच बुकिंग झालं होतं त्यांचं."
म्हटलं, आणि मिस्टर?
"असतात म्हणे कुठंतरी सरकारी नोकरीत. आम्ही तरी काही पाहिले नाहीत."
बाई दारातून हलेनात, म्हणून मीटर बघावा लागला. मग परतीची एसटी धरली.