वेंकूबाईंचं दानपत्र

मेलवीथी, तंजावर
३ सप्टेंबर १९६१

प्रिय कनक,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले. चारदा लिहायला बसले आणि चारदा उठले. पुण्यात धड कॉफी मिळत नाही ही तुझी तक्रार मी शेषाद्रींना सांगितली. तुझ्या पणजीच्या, वेंकूबाईंच्या, दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर असलेला माणूस, पण औषधाइतकाच कॉफीचा अभिमान. म्हणाले, "कनकअम्मांना लिहा, गावी येताना पापनाशमला उतरा, स्टेशनावर कॉफीचा पेला-डबरा घेऊन उभा राहतो." मग जरा थांबून म्हणाले, "तोवर मी दवाखान्यात असलो तर."

तर बातमी हीच. हनुमंतकाकांनी तुला कळवलं असेल, पण ते सख्ख्या पुतणीलाही वकिली पत्र लिहितात, म्हणून मी पुन्हा सांगते. सरकार जिल्ह्यासाठी मोठं इस्पितळ बांधायला निघालं आहे. त्याच्या खर्चासाठी शेतसाऱ्यावर आरोग्यपट्टी बसेल, आणि तालुक्यातले धर्मादाय दवाखाने त्यांच्या जमिनींसकट सरकारजमा होतील. यादीत वेंकूबाईंचा दवाखाना चौथा आहे. जुलैत एक इन्स्पेक्टर आला. त्यानं कपाटं उघडून बाटल्या मोजल्या, शेषाद्रींकडे सर्टिफिकेट मागितलं आणि दारावर नोटीस चिकटवून गेला. बाकावर म्हातारी सुंदरी पाट्टी गुडघ्याच्या तेलासाठी बसली होती. तिला वाचता येत नाही. नोटिशीकडे बोट करून तिनं विचारलं, "आता औषध कोण देणार, हा कागद?" सगळे हसले. मीही हसले.

मग कालव्याकाठच्या मंडपात सभा झाली. तुला आठवतं, कॉलेजात वादविवादाच्या दिवशी मला ताप यायचा? तीच मी अर्धा तास बोलले. म्हटलं, ज्यांच्या पिकातून हे इस्पितळ उभं राहणार त्यांना कोणी एका शब्दानं विचारलेलं नाही. गावानं शंभरावर वर्षं चालवलेली गोष्ट मद्रासच्या एका सहीनं काढून घेतली, तर उद्या शाळा घेतील, परवा आपण कोणाकडून कोणतं औषध घ्यायचं तेही तेच ठरवतील. घेतलेला अधिकार सरकार परत करत नाही. हे मी अजूनही मानते. मात्र सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या रंगरावांनी. त्यांची दोनशे एकर जमीन आहे आणि दवाखान्याची पायरी ते कधी चढलेले नाहीत. मला पाणी देत म्हणाले, "टीचरम्मा, पट्टी तेवढी हाणून पाडा, बाकीचं आम्ही बघतो." त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं आहे, माझ्या शेजारी उभं राहून ही माणसं नेमकं काय वाचवताहेत?

त्यातच अलमेलूचं झालं. आमच्या स्वयंपाकीणबाईंची मुलगी, बाळंतपणासाठी गावी गेली होती. मूल झालं, पण रक्त थांबेना. शेषाद्रींनी स्वतः भाड्याची मोटार आणली आणि तिला तंजावरला सरकारी इस्पितळात आणून सोडलं. वाचली. मी भेटायला गेले तर शेषाद्री व्हरांड्यात बसलेले. म्हणाले, "माझ्याकडे ठेवली असती तर गेली असती. सभेत हे नाही सांगायचं ना?" त्यांनी थट्टेनं विचारलं की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. इस्पितळ नको असं माझं म्हणणं कधीच नव्हतं, कनक. न विचारता, सगळं एका हातात गोळा करून नको, एवढंच. पण हे वाक्य मी हल्ली दिवसातून इतक्या वेळा मनाशी म्हणते की त्याचाच संशय येऊ लागला आहे.

दवाखाना सरकारजमा करू नये म्हणून आम्ही अर्ज केला आहे, त्याचा सगळा भार वेंकूबाईंच्या दानपत्रावर आहे. ती जमीन याच गावातल्या याच दवाखान्यासाठी आहे आणि दुसरीकडे वळवता येत नाही, असं हनुमंतकाका सुनावणीत मांडणार. दानपत्र मोडी लिपीत. आपल्या दोघींना माझे वडील मोडी शिकवायला बसायचे, तू दुसऱ्या आठवड्यात डोकेदुखीचं निमित्त करून पळालीस, मी चिकटून राहिले. आता आमच्या ओळखीत ते वाचणारी मी एकटीच उरले. काकांनी रेशमी फडक्यात गुंडाळून ते आणून दिलं आणि म्हणाले, "विजया, तू म्हणशील तेच त्यात लिहिलंय." मी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्याखाली, हे खरं आहे म्हणून, वारसाची सही लागते; काका स्वतःच वकील, म्हणून वेंकूबाईंची वारस या नात्यानं तुझी. काकांनी शुक्रवारी ॲफिडेव्हिट तुला पोस्टानं पाठवलं.

त्यावर सही करू नकोस. अकराव्या ओळीच्या जागी मी "कागद जीर्ण, अक्षर लागत नाही" असं लिहिलं आहे. कागद जीर्ण नाही. अक्षर मोत्यासारखं आहे. तिथे वेंकूबाई म्हणतात, "पुढें सरकारांतून याहून थोर दवाखाना जाहला, व तेथें गरिबांस दाम न घेतां औषध मिळों लागलें, तरी ही जमीन तिकडे लावावी. वंशजांनीं आडकाठी करूं नये." मला कोणीही हे गाळायला सांगितलं नव्हतं. काकांना ते माहीतही नाही. कोणाला पडताळता येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून सगळ्यांच्या वतीनं मीच ठरवून टाकलं. मद्रासवर मी ज्याचा ठपका ठेवते तेच. दाम न घेता म्हणजे पट्टीही न घेता, असा वाद काका घालू शकतील. किंवा याच एका ओळीवर आपण हरू आणि शेषाद्री घरी बसतील. उद्या सकाळी मी पूर्ण भाषांतर घेऊन काकांकडे जाणार आहे. सुनावणी वीस तारखेला आहे. तिथे ही ओळ मी वाचून दाखवीन आणि त्यानंतरही विरोधातच बोलेन, ऐकणारे उरले तर. पण माझ्या खोट्याखाली तुझं नाव नको. काकांचं पाकीट या पत्राच्या आधी पोचलं असेल आणि तू नेहमीसारखी न वाचता सही केली असशील, तर ते पोस्टात टाकू नकोस, आणि आधीच टाकलं असशील तर मला आजच तार कर.

तुझीच,
विजयलक्ष्मी