न दुखणाऱ्या गुडघ्याबाबत

दि. ६ मार्च २००६

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
पंचायत समिती, जुन्नर

विषय : पत्नीचा बदललेला गुडघा अजिबात दुखत नसल्याने तातडीने तपासणीस येणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयात समक्ष केलेली विनंती.

महोदय,

मी खाली सही करणार, राहणार खोडद, विनंतीपूर्वक कळवितो की, माझी पत्नी ठकूबाई हिचा उजवा गुडघा दिवाळीनंतर पुण्यात बदलला. सूज उतरावी म्हणून तेथील डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या दिल्या व हळूहळू कमी करून बंद करण्यास बजावले. बाई काठी टाकून चालू लागली. मग भुईमुगाच्या शेंगांचा वानोळा द्यावा तशा तिने उरलेल्या गोळ्या आळीत वाटल्या. संपल्यावर बेल्ह्याच्या बाजारात मोटारसायकलवर येणाऱ्या एका इसमाकडून त्या सुट्या मिळू लागल्या.

आळीतील सर्वांचे चेहरे भरले आहेत. लोक त्यास तब्येत सुधारली म्हणतात. शेजारी रखमाजी यांनी गोळ्या एकदम सोडल्या आणि आठवड्याच्या आत खळ्यात कोसळून वारले. गावाने ते उन्हावर ढकलले. ठकूबाईने मात्र त्यातून एवढाच बोध घेतला की गोळी चुकवायची नाही. आता कोणाचीच चुकू नये म्हणून ती रोज घरोघर फिरते.

तिच्या टाक्यांच्या जागेतून पू येतो. हात लावला तर गुडघा तव्यासारखा तापलेला असतो. तरी कांदे काढायला ही सर्वांच्या पुढे. आळेफाट्याचे डॉक्टर म्हणाले की, गोळीने दुखणे झाकले आहे, आत सडत चालले आहे. गोळी एकदम तोडू नका, पण बाईंना आजच पुण्याला न्या. तिचे म्हणणे, "दुखत न्हाई तर दवाखाना कशाला? तुमचंच डोकं फिरलंय." महोदय, मला तिची काळजी वाटत होती, आता भीती वाटते. ती माझ्या हातून जाणार, हे मला दिसते आहे.

सरकारी माणसाचा शब्द ती मोडणार नाही. तरी आपण स्वतः गाडी घेऊन यावे, ही हात जोडून विनंती.

आणखी एक बाब नाइलाजाने नमूद करतो. माझेही गुडघे कैक वर्षे ठणकत होते. गेल्या काही दिवसांपासून ते थांबले आहेत. मी एकही गोळी मागितलेली वा घेतलेली नाही. घरात चहा ठकूबाई करते. तो पीत राहावा की सोडावा, हेही कळवावे.

आपल्या गाडीची वाट पाहणारा,
सयाजी गेणभाऊ पानमंद

सोबत : आज सकाळचा चहा, न पिता बाटलीत भरून.