तांबडीचा चढ

१४ मार्च, रविवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. बँकेत मॅनेजर झालेल्या बाईला ठमी म्हणू नये हे मला कळतं, पण जिभेचं वळण आता कुठे बदलणार? आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तरी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्या चुका सांगतात. मी वाकलो की माझी कंबर बोलते. चालायचंच.

बातमी अशी की परवा जुन्या गाड्यांवर लिहिणारे एक गृहस्थ आले होते. त्यांना आपली निळी आणि तांबडी एकाच रस्त्यावर पळवून बघायच्या होत्या. बाबांनी दोन्ही भंगारातून आणल्या, एक माझ्याकडून बांधून घेतली, एक तुझ्याकडून, हे ऐकून तर ते खूशच झाले. वहीत लिहीत गेले. ब्रेक निळीचे बरे, दोन हात आधी थांबते. सीटही निळीची मऊ. (तेवढं तरी माझ्या पदरात पडू दे.) पण पाण्याच्या टाकीचा चढ तांबडी तिसऱ्या गिअरवर चढून गेली. निळीला दुसरा टाकावा लागला, आणि ती अकरा सेकंद मागे राहिली. त्यांनी तांबडीचं बॉनेट उघडून कान लावला. "हे इंजिन कोणी बांधलंय हो?"

"माझ्या मुलीनं," बाबा म्हणाले. "पण बावीस वर्षांपूर्वी याच चढावर धापा टाकत होतं." मग माझ्याकडे वळले. "तू नंतर काही केलंस का रे हिला?"

मी म्हटलं, तेल बदलतो, दर रविवारी सुरू करतो. इंजिन कधी उघडलं नाही.

इथपर्यंत लिहून मी दोनदा हात धुऊन आलो. हात स्वच्छच होते.

ठमे, बावीस वर्षांपूर्वी आपल्या दोघांच्या त्या शर्यतीच्या सकाळी तू कपडे बदलायला घरात गेलीस, तेव्हा मी डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करून तांबडीचं टायमिंग मागे सरकवलं. ठिणगी उशिरा पडली की गाडी चालते, पण चढावर जीव सोडते, हे बाबांनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलं होतं. जो जिंकेल त्याच्या हाती गॅरेज, असं ते म्हणाले होते, आणि तू जिंकणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मला दुसरं काही येत नव्हतं गं. तू हुशार, तुला काहीही जमेल, अशी मी मनाची समजूत घातली. मनाला काय, हवं ते पटवता येतं.

तू हरलीस. तू जेवायला बसलीस तेवढ्यात मी टायमिंग जागेवर आणून ठेवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तू टायमिंगचा दिवा लावून तपासलंस, तेव्हा सगळं बरोबरच निघालं. पाना खाली ठेवून तू म्हणालीस, "म्हणजे इंजिनच मी चुकीचं बांधलं, दादा. मला हे काम येत नाही." मी शेजारीच उभा होतो, मिठाची गुळणी धरून. त्यानंतर तू पान्याला हात लावला नाहीस. साधी स्कूटर बंद पडली तरी मेकॅनिक बोलावतेस, असं मेहुणे हसत सांगतात. मला हसता येत नाही.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आपली खुर्ची तांबडीजवळ ओढून घेतली. आज सकाळी म्हणाले, "तिला पत्र लिही. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि तीच तुझी समजूत घालत बसेल."

खरं आहे ते. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. तू ये किंवा येऊ नकोस. माझ्यावर हवी तितकी वर्षं राग धर, तो माझ्या हक्काचा आहे. स्वतःवर धरलेला तेवढा सोडून दे. तुझा हात त्या दिवशी चुकला नव्हता.

बावीस वर्षं उशिरा हरलेला,
तुझा दादा