आईच्या पायथ्याची जागा

मी, अंबादास शमुवेल शिंदे, वय सहासष्ट, राहणार वसुंधरा, गाझियाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणी डोक्यावर बसलेले नसताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वडिलांचे नाव आपणहून पूर्ण लिहिण्याची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. दारावरच्या पाटीवर ‘अ. श. शिंदे’ एवढेच आहे. कोपर्निकस मार्गावर अतिथिगृहात नोकरीला असताना सगळे ‘श’ म्हणजे शंकर समजले आणि मी समजू दिले. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती.

कलम १. राहता फ्लॅट, सामान व बँकेतल्या ठेवी माझी एकुलती मुलगी सुखदा हिला, कोणत्याही अटीविना. पुढचे वाचून तिला माझे काहीच नको वाटले तर तो तिचा अधिकार. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पार्किंगची जागा त्यांची आहे म्हणतील. ती आपली आहे. एक इंच सोडू नये.

कलम २. कपाटात वरच्या खणात पानिपतची ब्लँकेट आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. तीही सुखदाला. ती कुणाची, हे सांगणे भाग आहे.

सुखदा, तुझी आजी सरलाबाई तू सात वर्षांची होईपर्यंत जिवंत होती. ती माझ्या लहानपणीच वारली, असे मी तुझ्या आईला आणि तुला सांगितले. एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये इंदुमतीचे, म्हणजे तुझ्या आईचे, मामा मला बघायला अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये जेवायला आले होते. लग्न जमत आले होते आणि मी ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. नेमकी त्याच दुपारी आई न कळवता आली, डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी तिला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवले. ताट समोर येताच तिने डोळे मिटले आणि आमच्या घरच्या रीतीने मोठ्याने प्रार्थना केली, “प्रभू, या अन्नाबद्दल आणि माझ्या लेकराबद्दल तुझे आभार.” मामांनी विचारले, “ही कोण हो?” मी म्हणालो, “भांडी घासायला नवीन ठेवलीय.”

आईने ऐकले. ती जेवली, उठली, आमच्या टेबलावरची उष्टी ताटे उचलून मोरीवर नेली आणि घासली. माझे खोटे तिने निभावून नेले. मी तिला घासू दिले. लिहिताना आताही मान वर होत नाही.

लग्नानंतर ही ब्लँकेट मी दुसऱ्याच्या हाती पाठवली, स्वतः गेलो नाही. आई गेल्यावर ती घडीही न मोडता परत आली. तू ती वापर. नवी ठेवू नकोस.

कलम ३. माझी सुतारकामाची हत्यारे करोल बागेतल्या मराठी मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला. इंदुमती गेल्यावर मी तिथे स्कूटरचा पार्ट घ्यायला गेलो होतो. दुकानावरच्या हॉलमधून आई गायची ते भजन ऐकू आले आणि पाय आपोआप जिना चढले. त्यानंतर दर रविवारी मागच्या बाकावर बसू लागलो. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याले फिरू लागले की मी बाहेर जिन्यावर जाऊन बसे. मंडळीतल्या वडीलधाऱ्या अलकनंदाबाई एकदा तिथे आल्या. “अहो, दर वेळी इथं काय बसता?” मी सगळे सांगितले. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, “नंतर ते प्याले धुवायचे असतात. या मोरीवर.”

चार महिने मी फक्त धुतले. पाचव्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी एक उचलून प्यायलो आणि सगळ्यांदेखत हमसून रडलो. मला क्षमा झाली, हे मी मानतो. लाज गेलेली नाही. पण आता ती घेऊन ताठ उभे राहता येते. प्याल्यांचा लाकडी ट्रे मी केलेला आहे. धुतल्यावर पुसूनच ठेवावा, नाहीतर फुगतो.

कलम ४. मला दिल्लीतच कुठेही पुरावे. नगरला आईजवळ नेऊ नये. तिथे पडायची माझी लायकी नाही. (हे कलम खोडले आहे. अं. शिं.)

कलम ५. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम दिनकरला बोलावले. माझा जुना सहकारी. कँटीनमधल्या त्या दुपारी तोही आमच्या टेबलावर होता. त्याचे वाचून झाल्यावर मी म्हणालो, “धक्का बसला ना?”

“कसला धक्का? नाक बघितलं होतं मी दोघांचं. छत्तीस वर्षं वाट बघतोय, कधी बोलतोस.” त्याने पेन खिशात परत ठेवले. “मेल्यावर पोरीच्या गळ्यात मारणार होय हे? आधी तिला सांग. मग सही.”

म्हणून रविवारी हे कागद सुखदाच्या हातात दिले. तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले.

“आईला पण नाही सांगितलंत? बत्तीस वर्षांच्या संसारात? बिल्कुल नाही?”

“नाही.”

ती निघून गेली. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आली, ब्लँकेट पिशवीतून काढली, उलगडून मांडीवर घेतली.

“बाबा, चार नंबर खोडा.”

“अगं, तू रागावली आहेस ना?”

“आहेच. तो जाणार नाही इतक्यात. पण आजीला तिथे एकटीला अजून किती वर्षं ठेवणार? चलो, आधी मला तिची जागा दाखवा.”

म्हणून आता असे: मला नगरला आईच्या पायथ्याशी पुरावे. शेजारी नको, पायथ्याशीच. शनिवारची तिकिटे सुखदाने काढली आहेत.

वरील मजकूर मी वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांना यातून काही मिळत नाही. कायद्याने देता येत नाही, असे वकील म्हणाले.

साक्षीदार:
१. दिनकर (सही, या वेळी पेन लगेच काढले)
२. अलकनंदा (सही)

वसुंधरा, गाझियाबाद
१३ नोव्हेंबर २०२५

(सही)
अंबादास शमुवेल शिंदे
सरलाबाईंचा मुलगा