पहिल्या वेळचं 'नको'

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस करतोय.

परवा भाजी चिरताना तू विचारलंस, मी कायमचा तुमच्याकडेच राहीन का. मी तुमच्या भाषेत म्हणालो, "नको, नको." तू मान हलवलीस आणि आज परतीच्या तिकिटाची चौकशी केलीस.

अगं, आमच्यात पहिल्यांदाच कोणी हो म्हणतं का? पाहुण्याने नको म्हणायचं, घरच्यांनी आग्रह करायचा, मग लाजत हो म्हणायचं. मी आपला तुझ्या आग्रहाची वाट बघत बसलो! चिरंजीवांना सांगितलं, तर हसतोय. म्हणतो, "बाबा, इथे नको म्हणजे नकोच. तिला वाटलं, तुम्हाला करमत नाही. आता तुम्हीच सांगा तिला." मेल्याला बापाची जरा दया नाही.

तुझी सासू गेल्यापासून तिकडे मी भिंतींशीच बोलत होतो. इथे निदान नातीची बडबड असते, कळो न कळो. पण तू नुसतं रीत म्हणून विचारलं असशील तर? या विचाराने जेवण जात नाही.

आज भाषेच्या वर्गात बाईंकडून "मला इथेच राहायचंय" एवढं वाक्य घोटून घेतलं. जीभ वळेना, घाम फुटला.

दारात किल्ली वाजली. तू आलीस वाटतं. आता तू परत विचारायची वाट बघत नाही, मीच बोलतो.

तुझा,
घाबरट सासरा