बिनपॉलिशची खुर्ची

३ जानेवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुझी झुलती खुर्ची सुतारखात्यातून तयार होऊन आली. आता पॉलिशचा हात माझा! आमच्या कारखान्यात माझ्यासारखी चकाकी कुणाला साधत नाही. गुपित सांगतो, फवारताना मी खोलीतला मोठा पंखा बंद ठेवतो, म्हणजे ओल्या पॉलिशवर धूळ बसत नाही. खोकल्याने मात्र पिच्छा पुरवलाय. रविवारी ठणठणीत असतो, सोमवारी दुपारी छातीत शिट्ट्या. थंडी बाधली असेल. तुझी भावजय म्हणते, कामाचा कंटाळा बाधलाय.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बारक्या

१० जानेवारी
चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.
तुझी थंडी रविवारी सुट्टीवर जाते होय रे? वाफा बाहेर ओढणारा पंखाच बंद करतोस, आणि वर ते गुपित म्हणून मला ऐकवतोस! खुर्ची राहू दे. आधी डॉक्टर गाठ, आणि पॉलिशच्या डब्यांत काय काय असतं ते त्यांना नीट सांग. घाबरले आहे, म्हणून ओरडते आहे.
रागावलेली तरी तुझीच,
ताई

२ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न.
डॉक्टरांनी तपासलं. पॉलिश कडक व्हावं म्हणून त्यात मिसळतो ते हार्डनर माझ्या छातीला आता सोसत नाही म्हणे. इतरांना जाणवणारही नाही एवढ्यानेसुद्धा मला दम लागेल. मालकांनी मास्क दिला. तो लावूनही तासाभरात बाहेर पायरीवर येऊन बसलो. डॉक्टर म्हणतात, फवारणी कायमची बंद. ताई, मला सगळे पॉलिशवाला म्हणूनच ओळखतात. फवारा खाली ठेवला तर मी कोण गं?
बारक्या

९ फेब्रुवारी
चि. बारक्यास,
कोण म्हणजे? माझा भाऊ! शीर सलामत तो पगडी पचास. लाकूड तुझ्याइतकं कुणाला कळतं? सुतारखातं मागून घे. आणि तुझं बघून बाकीचेही पंखा बंद करत असणार, त्यांना गाठून सांग.
आशीर्वाद आणि एक धपाटा,
ताई

६ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न.
जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं. आधी हसले, मग दोघांनी आपल्याही शिट्ट्या कबूल केल्या. आता पंखा चालू असल्याशिवाय फवारा सुरूच होत नाही, तशी जोडणीच करून घेतली. चकाकीवर धूळ बसते, मालक कुरकुरतात. कुरकुरू देत! मी सुतारखात्यात रमलोय, छातीही शांत आहे. तुझी खुर्ची तेवढी कोरी राहिली. दुसऱ्या कुणाकडून पॉलिश करून पाठवू का?
बारक्या

१२ मार्च
चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.
खबरदार! कोरीच पाठव. तू आलास की निवांत श्वास घेत बसायला माझ्या घरात तुझी एक खुर्ची हवी.
वाट पाहणारी,
ताई